झिगुरातच्या पायथ्याशी : रिंतारो यांचा ‘मेट्रोपोलिस’

लोअर परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात, जिथे पूर्वी कापसाच्या गासड्या उतरत असत, तिथे आता एक लहानसे सभागृह झाले आहे आणि चित्रपटांचे वेड असलेली काही मंडळी महिन्यातून एकदा तिथे जुने चित्रपट दाखवतात. गेल्या महिन्यात त्यांनी रिंतारो या दिग्दर्शकाचा ‘मेट्रोपोलिस’ हा २००१ सालचा जपानी ॲनिमेशनपट लावला होता. साडेतीनशे रुपयांचे तिकीट काढून मी तो पाहिला. काही वर्षांपूर्वी लॅपटॉपवर मी हा चित्रपट पाहिला होता आणि ‘दिसायला फार सुंदर, पण गोष्टीत फारसा दम नाही’ असे मत करून घेतले होते. मोठ्या पडद्यावर पाहिल्यानंतर त्या मताचा निम्मा भाग मला मागे घ्यावा लागला. ही गोष्ट मी एका मुलाची आणि एका यंत्रकन्येची समजत होते. प्रत्यक्षात ती एका शहराची गोष्ट आहे, आणि लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर शहर मावत नाही.

मूळ चित्रकथा जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांची. ती १९४९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तेझुका जेमतेम विशीचे होते. फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ सालच्या याच नावाच्या जर्मन मूकपटाशी या कथेचे नाते विचारले जाते. तेझुकांनी तो चित्रपट पाहिला नव्हता, त्याचे एक छायाचित्र तेवढे पाहिले होते, आणि त्या छायाचित्रावरून त्यांनी आपले निराळेच शहर उभे केले. त्यामुळे दोन्हींत सामाईक म्हणावे असे थोडेच आहे : आकाशाला भिडणारी नगरी, तिच्या पोटातले कामकरी आणि स्त्रीच्या रूपातले यंत्र. तेझुका १९८९ मध्ये गेले. त्यानंतर बारा वर्षांनी पडद्यावर आलेल्या या चित्रपटाची पटकथा, टोकियो उद्ध्वस्त होताना दाखवणाऱ्या ‘अकिरा’ या ॲनिमेशनपटाचे दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो यांनी लिहिली. रिंतारो स्वतः तेझुकांच्या हाताखाली घडलेले. १९६३ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘तेत्सुवान आतोम’ (‘ॲस्ट्रो बॉय’) या तेझुकांच्या मालिकेवर त्यांनी काम केले होते आणि हा चित्रपट बनवणारी ‘मॅडहाउस’ ही संस्था स्थापन करणाऱ्यांतही ते होते. म्हणजे शिष्याने गुरूची कथा घेतली आणि ती लिहायला दिली अशा माणसाकडे, ज्याला शहर उभारण्यापेक्षा पाडण्यात जास्त रस आहे. या चित्रपटातले बरेचसे गुण आणि बरेचसे दोष या जोडणीतूनच आले आहेत, असे मला वाटते.

कथा थोडक्यात सांगते आणि शेवट राखून ठेवते. मेट्रोपोलिस या महानगरात ड्यूक रेड नावाच्या बड्या असामीने ‘झिगुरात’ नावाचा प्रचंड मनोरा बांधून पूर्ण केला आहे आणि शहरात त्याचा उत्सव चालू आहे. त्याच वेळी जपानहून शुन्साकु बान हे गुप्तहेर आपला भाचा केनिची याला घेऊन तिथे पोहोचतात. त्यांना लॉटन नावाच्या फरारी शास्त्रज्ञाला पकडायचे आहे. हा लॉटन ड्यूकच्याच सांगण्यावरून गुपचूप एक यंत्रकन्या घडवत आहे, जिचा चेहरा ड्यूकच्या मृत मुलीचा आहे आणि जिची नेमणूक त्या मनोऱ्याच्या शिखरावरच्या आसनावर व्हायची आहे. प्रयोगशाळेला आग लागते, ही मुलगी, तिमा, केनिचीच्या हाती लागते आणि दोघे शहराच्या तळघरांत हरवतात. आपण यंत्र आहोत हे तिला ठाऊक नाही, आणि केनिचीलाही नाही.

ही तळघरे हेच चित्रपटाचे खरे वैभव आहे. शहराच्या खाली एकाखाली एक असे विभाग आहेत. वर उजेड, काचा, संगीत आणि विमाने; खाली उतरावे तसे वीज निर्माण करणारे, मग मैला आणि कचरा निस्तरणारे जग. यंत्रमानवांना आपापला विभाग सोडून जायची परवानगी नाही आणि जो सोडतो त्याला गोळी घातली जाते. सुरुवातीलाच, ऐन उत्सवाच्या गर्दीत भरकटून आलेल्या एका यंत्रमानवाला असे टिपले जाते आणि उत्सव काही थांबत नाही. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या नाटकातून १९२०च्या सुमारास जगभर गेला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोटा’ या चेक शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या ‘वेठ’ या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. आपण मराठीत ‘यंत्रमानव’ म्हणतो आणि त्या शब्दात मानवाला मोठ्या मनाने जागा देतो. चित्रपटातले शहर मात्र चेक अर्थालाच धरून चालते. तिथे ते वेठबिगारच आहेत.

पण ओतोमोंच्या पटकथेचा धारदार भाग याच्याही पुढे आहे. त्या तळघरांत यंत्रांच्या शेजारी माणसेही राहतात. यंत्रांनी कामे घेतल्यामुळे बेकार झालेली ही माणसे आहेत. त्यांचा राग यंत्रांवर आहे, आणि तो राग नीट पेटता राहील याची काळजी वरची मंडळी घेतात. रस्त्यावर यंत्रांना हुडकून मारणारी ‘मार्दुक’ ही संघटना ज्याच्या आश्रयाने चालते, तोच ड्यूक रेड वर बसून सर्वशक्तिमान यंत्र घडवून घेत असतो. खालच्या बंडखोरांच्या हातात बंदुका येतात, बंड होते, आणि त्या बंडाचा फायदा नेमका कोणी उठवायचा याचे गणित वरच्या मजल्यावर आधीच मांडलेले असते. बर्फ पडत असताना रस्त्यावर बंड मोडून काढले जाते, त्या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत आणि त्यांची गरजही भासत नाही.

हे सगळे पाहताना मी जिथे बसले होते ती जागा मनातून जात नव्हती, हे कबूल करायला हवे. माझे वडील याच भागातल्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रांच्या खात्यात, बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळ जण परत आत गेलेच नाहीत. बाबा सांगत की, त्या आधीच्या वर्षांत नवे साचे येणार, एकेका माणसाला जास्त साचे सांभाळावे लागणार अशी कुणकुण लागली की संध्याकाळी चाळीच्या कठड्याशी उभे राहून सगळे त्या साच्यांना शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हातांनी आपापल्या साच्याला तेल द्यायचे, त्याच्यात अडकलेला धोटा हलकेच सोडवायचे. साच्यावर राग आणि साच्यावर माया, ही दोन्ही एकाच माणसात असू शकतात. चित्रपटातल्या बंडखोरांमध्ये मला राग भरपूर दिसला. मायेची बाजू लेखकाला सुचलेली दिसत नाही. ती सुचली असती तर बंडखोरांचा म्होरक्या ॲटलस हा घोषणा देणारा तगडा तरुण एवढ्यावरच राहिला नसता.

मायेचे काम चित्रपटाने पेरोकडे सोपवले आहे, आणि पेरो हे या चित्रपटातले माझे सर्वांत आवडते पात्र. बान मामांच्या दिमतीला पोलीस खात्याने माणूस न देता एक यंत्रमानव हवालदार दिलेला असतो. त्याला नाव नाही, एक लांबलचक क्रमांक आहे. मामांना तो लक्षात ठेवण्याचा कंटाळा येतो आणि ते त्याला कुत्र्याला शोभेल असे ‘पेरो’ हे नाव देऊन टाकतात. अंगावर लांब कोट, चेहऱ्यावर कसलेही भाव नाहीत, आवाज सपाट. मामा चिडतात, घाई करतात, जिन्यावर धापा टाकतात आणि तो मात्र नियमावली सांगितल्यासारखी प्रत्येक विभागाची माहिती देत त्यांच्या बाजूने चालत असतो. पुढे तो बंडखोरांसमोर एकटा उभा राहतो, हिंसा का करता असे त्यांना त्याच सपाट आवाजात विचारतो आणि त्याचे जे व्हायचे ते होते. या प्रसंगात संगीताचा हंबरडा नाही, चेहऱ्याचे जवळून दर्शन नाही. एक कोट जमिनीवर पडतो एवढेच, आणि सभागृहात माझ्या शेजारी बसलेल्या, तोवर मोबाइलमध्ये डोकावणाऱ्या महाविद्यालयीन मुलाने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

चित्रांविषयी किती लिहावे हा प्रश्नच आहे. पात्रे हाताने काढलेली, तेझुकांच्या जुन्या शैलीत : टपोरे डोळे, गोल नाके, जाडजूड पोटऱ्या, जणू मुलांच्या मासिकातून उठून आली आहेत. त्यांच्या मागचे शहर मात्र संगणकाच्या मदतीने उभे केलेले, अतिशय बारकाईचे, दातेरी चाकांनी, नळ्यांनी, जाहिरातींनी आणि सरकत्या पुलांनी भरलेले. हा विजोडपणा पहिली दहा मिनिटे खुपतो. मग लक्षात येते की, एवढ्या अवाढव्य शहरात माणसे अशीच दिसणार, कुणीतरी घाईत काढल्यासारखी. प्रत्येक विभागाला स्वतःचा रंग दिला आहे, त्यामुळे पात्रे किती खोल उतरली आहेत हे पाटी न वाचताही कळते. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना पडदा वर्तुळाच्या आकारात मिटतो, मूकपटांच्या काळात मिटायचा तसा. तोशियुकी होंडा यांनी दिलेले संगीतही त्याच काळातल्या अमेरिकी जॅझच्या वळणाचे, तुतारी-क्लॅरिनेटचे, लग्नाच्या वरातीत शोभावे असे खुशाल आहे. भविष्याची गोष्ट, पण ती आजोबांच्या काळात कल्पिलेल्या भविष्याची. हे भान दिग्दर्शकाने कुठेही सोडलेले नाही. संगणकाने केलेली काही हवाई दृश्ये मात्र आता जुनी वाटतात. विमाने आणि हवाई जहाजे चित्रातून सरकताना त्यांचा प्लॅस्टिकपणा जाणवतो. वीस-पंचवीस वर्षांत एवढी झीज व्हायचीच.

तिमाकडे वळते. तिला भाषा नाही. केनिचीचे शब्द ती ऐकते, परत म्हणते आणि हळूहळू त्यांना अर्थ चिकटत जातो. ‘वाताशी वा दारे?’, म्हणजे ‘मी कोण?’, हा प्रश्न चित्रपटभर तिच्या मागे आहे. मूल जन्मताच ‘कोऽहम्’ म्हणून रडते असे आपल्याकडे म्हणतात, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पण आपल्याकडे त्याला ‘सोऽहम्’ हे उत्तर तयार आहे आणि तिमाला असे कुठलेच उत्तर कोणी देत नाही. केनिची तिला मैत्रीण समजतो, ड्यूकला ती मुलगी म्हणून हवी आहे आणि सत्तेची किल्ली म्हणूनही, मार्दुकवाल्यांना ती भंगार वाटते. जो तो आपापले उत्तर तिच्या गळ्यात घालतो. आपल्या शरीरात तारा आहेत हे जेव्हा तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, तो क्षण रिंतारोंनी अतिशय संयमाने चितारला आहे. तिच्या चेहऱ्यात काही बदलत नाही, फक्त डोळ्यांतला रोख जातो.

तरीही केनिची आणि तिमा यांच्यातला स्नेह जितका खोल आहे असे चित्रपट गृहीत धरतो, तितका तो दाखवत नाही. दोघे एकत्र असतात तो वेळ थोडा, त्यातला बराचसा पळापळीत जातो. केनिची सज्जन आहे, धीट आहे, आणि त्याच्याविषयी सांगण्यासारखे आणखी काही नाही. ड्यूक रेडही तसाच. नाक पक्ष्याच्या चोचीसारखे, महत्त्वाकांक्षा मनोऱ्याएवढी आणि आतले दुःख केवळ संवादातून कळणारे. या दोघांच्या मध्ये उभा असलेला रॉक मात्र जिवंत आहे. ड्यूकने सांभाळलेला हा अनाथ मुलगा त्याला ‘वडील’ म्हणू पाहतो आणि प्रत्येक वेळी झिडकारला जातो. यंत्रांविषयीचा त्याचा द्वेष तत्त्वाचा नाही, मत्सराचा आहे : जी जागा त्याला हवी होती ती एका यंत्राला मिळणार आहे. मूळ चित्रकथेत रॉक नव्हता. तेझुकांच्या इतर कथांतून वावरणारे हे पात्र इथे आणून बसवण्याची कल्पना चित्रपट करणाऱ्यांची, आणि ती फार उपयोगी पडली आहे. काळा चष्मा लावलेला हा पोरगेला मारेकरी पाहताना राग येतो आणि दर दोन प्रसंगांनी कीवही येते.

शेवटच्या अर्ध्या तासात घाई फार झाली आहे. सत्तापालट, बंड, मनोऱ्याचे रहस्य, सूर्यावरच्या डागांचा काहीतरी संबंध आणि यंत्रांचे एकाएकी पिसाळणे हे सगळे एकावर एक आदळते. माझ्या मागच्या रांगेतल्या बाईंनी आपल्या यजमानांना दोनदा ‘हा कोण?’ विचारले आणि त्यांनाही सांगता आले नाही. पण यानंतर जे येते त्यासाठी ही घाई मी माफ करायला तयार आहे. शहर कोसळू लागते, सगळे आवाज थांबतात आणि रे चार्ल्स यांच्या आवाजात ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’ हे १९६२ सालचे संथ, गोड गाणे सुरू होते. काचा, तुळया, माणसे सावकाश खाली येत राहतात आणि गाणे आपल्या लयीत चालू राहते. अशा ठिकाणी एखाद्याने ढोल-ताशे वाजवले असते. हा एक निर्णय ज्याने घेतला त्याला दाद द्यायला मी उभी राहणार होते, पण मागच्या बाईंना दिसले नसते.

आता व्यवस्थेविषयी, कारण पैसे मोजून गेले होते. प्रतिमा स्वच्छ होती, पण पडद्याची खालची कड नीट बसवलेली नव्हती, त्यामुळे इंग्रजी उपशीर्षकांची दुसरी ओळ बऱ्याचदा अर्धी कापली जात होती. राजकारणाचे तपशील आधीच दाटीवाटीचे, त्यात अर्धे वाक्य गेले की प्रेक्षक हरवतो. त्याहून मोठी चूक अशी की, नामावली सुरू होताच संयोजकांनी दिवे लावले आणि खुर्च्या उचलायला सुरुवात केली. या चित्रपटात नामावली संपल्यानंतर एक छायाचित्र येते. त्यात काय आहे ते मी सांगणार नाही, पण ते पाहिल्याशिवाय केनिचीचे पुढे काय झाले हे कळत नाही, आणि त्या दिवशी सभागृहातल्या एकालाही ते कळले नाही. मी बाहेर पडताना एका संयोजकाला तसे म्हटले, तेव्हा ‘सव्वादहाला हॉल सोडायचा असतो, मॅडम’ असे उत्तर मिळाले. मुंबईत जागेचे भाडे तासावर असते हे मलाही समजते. तरी चित्रपट पावणेदोन तासांहून थोडा मोठा आहे. पंधरा मिनिटे आधी सुरू करता आला असता.

घरी पाहणार असाल तर मूळ जपानी आवाज ठेवून उपशीर्षके लावावीत. इंग्रजीत भाषांतरित केलेला आवाजही मिळतो, पण त्यात पेरोचा सपाटपणा यांत्रिक वाटतो आणि मूळ जपानीत तो सभ्य वाटतो. फरक मोठा आहे. दिवे मालवावेत, खोलीत जेवढा मोठा पडदा असेल तेवढा वापरावा, आणि हेडफोनपेक्षा स्पीकर बरे, कारण गर्दीचा गलका चहूबाजूंनी यायला हवा. चित्रे गोड आहेत म्हणून लहान मुलांसमोर लावून स्वयंपाकघरात जाऊ नये. गोळीबार आहे, मृत्यू आहेत, आणि शेवटाकडे तिमाचे जे रूप दिसते त्याने सात-आठ वर्षांचे मूल रात्री दचकून उठेल. बारा-तेराच्या पुढे हरकत नाही.

नंतरच्या रविवारी मी डिस्क आणून बाबांबरोबर पुन्हा पाहिला. त्यांना जपानी येत नाही आणि इंग्रजी वाचायला चष्मा पुरत नाही, म्हणून मी उपशीर्षके मराठीत वाचून दाखवत होते. पहिली वीस मिनिटे ते गप्प होते. मग कचरा उपसणारा, डब्यासारखा दिसणारा फिफी पडद्यावर आला, मुलांना वाट दाखवू लागला, आणि बाबांनी मालवणीत विचारले, ‘ह्यांका पगार कोण देता गो?’ मी म्हटले, कोणी देत नाही. त्यांनी मान डोलावली. रॉकने पहिल्यांदा पिस्तूल काढले तेव्हा त्यांनी ‘हा मुकादमाचा पोरगा’ असे नाव ठेवले आणि शेवटपर्यंत त्याला तसेच म्हणत राहिले. गाणे सुरू झाले तेव्हा त्यांना डुलकी लागली होती. नामावली संपेपर्यंत मी टीव्ही बंद केला नाही, आणि छायाचित्र आले तेव्हा त्यांना हलवून जागे केले.